टांगलेलं इंजिन

त्या सकाळी कारखान्याच्या फाटकात म्हाताऱ्याने माझी कॉलर नीट केली, आणि तिथून पुढे माझं कशात म्हणून लक्ष लागेना. झालं ते एवढंच. मी घाईघाईने आत शिरत होतो, तो अंगणातून येत होता, दोघंही थांबलो. एरवी ज्याच्या तोंडून माझ्यासाठी खवचट शब्दाशिवाय काही निघत नाही तो हा हिनरिख वितेकोप, आमच्या इंजिन-कारखान्याचा मुख्य अभियंता, त्याने हात पुढे केला, माझ्या कॉलरचं वर आलेलं टोक दोन बोटांनी खाली दाबलं आणि म्हणाला, "आज नीट दिसा, ब्रोमेल." आणि गेला. मी तिथेच उभा. मागून कोळशाची गाडी येत होती, गाडीवानाने माझ्या आईबापांचा उद्धार केला तेव्हा कुठे बाजूला झालो. अंगावर काटा आला होता, तो थंडीने नव्हता. ज्या माणसाशी आपण वर्षभर हमरीतुमरीवर येऊन भांडतोय, ज्याला आज सगळ्यांसमोर खोटं पाडणार आहोत, त्याने आपली कॉलर नीट करायची म्हणजे काय? त्यापेक्षा त्याने एक मुस्काटात दिली असती तर मी शिट्टी वाजवत आत गेलो असतो.

ओटिली तिथे असती तर म्हणाली असती, कॉलर वाकडी होती म्हणून नीट केली, तुला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं. ओटिली माझी बायको. तिनेच ती कॉलर खळ घालून कडक इस्त्री केली होती, कारण आज माझं इंजिन टांगायचं होतं. खरंच टांगायचं. आमच्या जोडणीच्या शेडमध्ये जाड तुळयांचा एक मोठा मांडव उभा केलेला आहे, त्याला चार साखळ्या, आणि त्या साखळ्यांवर अख्खं इंजिन झोपाळ्यासारखं लोंबकळत ठेवायचं, रुळांपासून वीतभर वर. मग वाफ सोडायची. चाकं हवेत फिरतात आणि इंजिन जागच्या जागी हलायला लागतं. वाफेने नळकांड्यातला दट्ट्या पुढे गेला की धूड मागे, दट्ट्या मागे आला की धूड पुढे. पुन्हा डावा दट्ट्या आणि उजवा दट्ट्या एकदम धावत नाहीत, एक मागून येतो, त्यामुळे इंजिन नुसतं पुढेमागे होत नाही, बदकासारखं ढुंगण हलवतं. इंजिनाच्याच पुढच्या आडव्या तुळईला पितळी नळी, नळीत सैल सोडलेली पेन्सिल, तिच्या डोक्यावर शिशाचा छोटा गोळा, खाली पाट, पाटावर कागद. इंजिन जेवढं हलेल तेवढं मोठं अंडं कागदावर उमटतं. रुळावर सगळं एकात एक मिसळलेलं असतं, रूळ वाकडा की चाक वाकडं की ड्रायव्हर प्यालेला, काही समजत नाही. टांगलं की इंजिन आपल्या हाताने लिहून देतं की माझ्यात खोट एवढी आहे.

आणि आज ते अंडं छोटं आलं तर रेल्वेची पुढची सगळी इंजिनं माझ्या चाकांवर पळणार होती. मोठं आलं तर माझ्या चाकांचे लाकडी साचे भट्टीत जाणार होते, तसं मालकांनी मला तोंडावर सांगितलं होतं. ते बोलले तेव्हा म्हातारा खिडकीतून बाहेर बघत होता. माझ्या चाकांत नवीन काय, तर आऱ्यांच्या मध्ये, दांडा जिथे जोडतात त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला, पोकळ कप्पे ठेवलेत आणि त्यांत शिशाच्या चकत्या बोल्ट लावून बसवल्यात. दट्ट्या आणि दांडा एका अंगाला ओढतात, शिसं दुसऱ्या अंगाला ओढतं. फिट्टंफाट. म्हाताऱ्याने नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "ब्रोमेल, तुमच्या चाकांना गलगंड झालाय." झालं. दुपारपर्यंत शब्द लोहारशाळेत पोचला. ओतकाम करणारेसुद्धा मला विचारायचे, साहेब, गलगंडाचं पुढचं ओतकाम कधी? मी हसायचो. संध्याकाळी घरी येऊन ओटिलीवर चिडायचो.

म्हाताऱ्याचं म्हणणं काय ते सांगायला हवं, नाहीतर तो मूर्ख वाटेल, आणि मूर्ख तर तो मुळीच नाही. तो तरुणपणी इंग्लंडला न्यूकॅसलला जाऊन शिकून आला, परतला तेव्हा इकडे इंजिन म्हणजे काय हे कुणाला धड माहीत नव्हतं. त्याचं मत असं, की इंजिन जड असावं, लांब असावं आणि जमिनीला धरून असावं. बॉयलर जितका खाली तितकं बरं. हलतंय? लोखंड वाढवा. अजून हलतंय? अजून वाढवा, चाकं लांब लांब ठेवा, पोट खाली घ्या. यंत्र शांत राहतं ते त्याच्या वजनामुळे, असं तो म्हणतो, आणि म्हणताना स्वतःही खुर्चीत असा काही बसतो की खुर्चीसकट जमिनीत रुजलाय असं वाटावं. माझं म्हणणं नेमकं उलटं. हलणाऱ्याला वजनाखाली दडपून काय मिळणार? आत जे ओढतंय त्याच्यासमोर दुसरं ओढणारं ठेवा, मग यंत्र हलकं करा, बॉयलर खुशाल वर न्या, मोठी चाकं घाला आणि पळवा. हे मी बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, हात उडायला लागतात, एकदा त्याच्या टेबलावरची शाईची दौत माझ्या हाताने सांडली. तेव्हा तो शाई टिपत शांतपणे म्हणाला, "तुम्ही गिरणीवाल्याचे चिरंजीव. तुम्हाला सगळं गोल फिरताना दिसतं." ते मला फार झोंबलं. का झोंबलं ते तेव्हा कळलं नाही.

मी गिरणीवाल्याचा मुलगा आहे हे खरं. उकरमार्कमधली आमची पाणचक्की, ओढ्याच्या काठाला, भिंतींना कायम ओल. वरचा दगड घडवून आला की वडील तो खुंटावर तोलून ठेवायचे, बोटाने हलकेच फिरवायचे, कोणती बाजू खाली जाते ते बघायचे आणि समोरच्या बाजूला खोबण पाडून त्यात वितळलेलं शिसं ओतायचे. मला ते शिसं ओतताना बघायला आवडायचं, क्षणभर चांदीसारखं चकाकायचं आणि मग एकदम म्हातारं व्हायचं. दगड सारखा बसला की चक्की नुसती घुमायची. मी पिठाच्या लाकडी कोठीच्या कडेला दात लावून बसायचो, डोळे मिटून. कोठीतून तो घुमारा दातांत यायचा, दातांतून कवटीत, आणि सगळं डोकं गायला लागायचं. आई ओरडायची, लेबरेख्त, उंदीर आहेस का? त्या घुमाऱ्याचं मला वेडच होतं, अजून आहे. बर्लिनच्या तंत्रशाळेत शिकायला निघालो त्या दिवशी वडिलांनी माझी कॉलर नीट केली होती. हां, हेच. फाटकात उभं राहून मला हेच आठवत होतं आणि पकडता येत नव्हतं. त्यांच्या बोटांचे पांढरे ठसे माझ्या काळ्या कोटावर उमटले होते, ते मी घोडागाडीत बसल्यावर झटकून टाकले, लाज वाटली म्हणून. त्यानंतर ते मला भेटले नाहीत. त्या हिवाळ्यातच गेले.

म्हणजे हा निरोप होता की काय? मी अंगण ओलांडत होतो आणि हा विचार डोक्यात शिरला तसा निघेना. चहूबाजूंनी आमचा आगीचा मुलूख, या वस्तीला लोक तेच म्हणतात, सकाळचा धूर ओकत होता. बर्लिनच्या ओरानियनबुर्ग वेशीबाहेर जिकडे बघावं तिकडे चिमण्या, शेजारच्या कारखान्यात घण पडतोय, पलीकडे कुणाच्या तरी बॉयलरला रिबिटं मारताहेत, रस्त्यावर बायका डोक्यावर डबे घेऊन नवऱ्यांचं खाणं पोचवायला निघाल्यात, आणि या सगळ्यात मला, खरं सांगतो, इतका आनंद झाला होता की लाज वाटावी. पाय जमिनीवर ठरत नव्हते. मनात म्हातारा, पोटात भीती, आणि वर हा आनंद उकळत्या दुधासारखा. आज बघायला मिळणार. जे वर्षभर नुसतं कागदावर होतं ते आज हवेत फिरणार. अठ्ठेचाळीस साली राजाविरुद्ध उठाव झाला तेव्हा याच रस्त्यावर लोकांनी फरसबंदी उखडून आडोसे रचले होते, आमचे ओतकामगार सगळ्यांत पुढे, तेव्हाही मला असं वाटलं नव्हतं. तेव्हा मी घाबरून खिडकी लावून बसलो होतो.

इंजिन हलतं म्हणजे काय ते मी कोथेनच्या रेल्वेमार्गावर पहिल्यांदा अनुभवलं. म्हाताऱ्यानेच पाठवलं होतं, जा, आपलं इंजिन पळतं कसं बघून या. ड्रायव्हर गुडघे वाकवून उभा होता, दर्यावर्दी उभा राहतो तसा, आणि माझ्याकडे बघून मिशीत हसत होता. आधी बरं चाललं होतं. मग उताराला वेग वाढला आणि ते धूड डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असं काही ओरबाडायला लागलं की माझी जीभ दाताखाली आली, तोंडात रक्ताची चव, टोपी कुठल्या कुठे गेली. मी कठडा धरून ओरडत होतो. ड्रायव्हरला वाटलं मी थांबवायला सांगतोय. मी ओरडत होतो, अजून, अजून. भीतीने गाळण उडाली होती, तरी मला ते अजून हवं होतं, आणि त्या धक्क्यांमधून काहीतरी माझ्याशी बोलतंय असं वाटत होतं. बर्लिनला परत आलो तेव्हा आठवडाभर जेवताना जीभ झोंबायची आणि मी खारवलेली हेरिंग मासळी दूर सारायचो. ओटिलीला वाटलं, तिच्या स्वयंपाकावर राग आहे.

उत्तर सापडलं ते तिच्याच स्वयंपाकघरात. रविवारची सकाळ, ती कॉफी दळत होती, चक्की दोन गुडघ्यांत घट्ट धरून, आणि मूठ फिरवताना तिचं सगळं अंग डुलत होतं. मी बघतच राहिलो. म्हणजे म्हातारा म्हणतो ते हे, गुडघ्यांत दाबून धरा. मी चक्की तिच्या हातातून काढून घेतली, बिया वाटीत ओतून रिकामी केली, वाटीशेजारी टेबलावर ठेवली आणि मुठीला एक फटकारा देऊन सोडून दिली. मूठ गरगर फिरली आणि चक्की टेबलावरून चालत निघाली, चालत चालत कडेला गेली आणि वाटी घेऊन खाली. बिया घरभर. मग मी मुठीच्या उलट्या बाजूला लाकडी पळी आडवी बांधली, पळीच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा, आणि पुन्हा फटकारा दिला. चक्की जागची हलली नाही. मूठ फिरतेय, किल्ल्या फिरताहेत, आणि चक्की आपली चर्चमधल्या पुतळ्यासारखी स्थिर. मी टेबलाभोवती नाचलो. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने छताला काठी ठोकली. ओटिली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "यंत्र तुझं, बिया माझ्या. आता वेच." मी रांगत रांगत बिया वेचत होतो आणि हसत होतो, आणि शेवटी तीही हसायला लागली आणि माझ्याबरोबर खाली बसली. त्या सकाळी आम्ही कॉफी फार उशिरा प्यालो.

शेडमध्ये शिरलो तर जोडणीचा मुकादम ग्राबो साखळ्यांना तेल लावत होता. इंजिन आधीच वर उचललेलं, हिरवंगार, कोरं, पोटाखालून पलीकडची माणसं दिसत होती. असं टांगलेलं इंजिन पाहिलं की मला नेहमी थोडं अवघडल्यासारखं होतं, कुणाला तरी कपड्यांशिवाय पाहिल्यासारखं. बॉयलरखाली आग धुमसत होती. ग्राबोने मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली करून सांगितलं, की म्हाताऱ्याचा खण रिकामा आहे. पहाटे आला आणि सगळं आवरून गाठोडं बांधलं. भिंतीवर त्याची ती इंग्लंडहून आणलेली पिवळ्या लाकडाची मोजपट्टी टांगलेली असायची ना, तीही नाही. खिळाच तेवढा आहे. मालकांना म्हणे तो काल सांगून आला, शिशाची चाकं चालली तर माझी इथे गरज नाही, मी बहिणीकडे श्टेटिनला जातो. ग्राबोने हे सगळं सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी खूश होतो की नाही ते बघायला.

खूश झालो का? खोटं कशाला बोलू, एक क्षणभर झालो. मग ती मोजपट्टी डोळ्यांसमोर आली. त्याच पट्टीने त्याने मला माप घ्यायला शिकवलं होतं, मी नवा होतो तेव्हा, माझा अंगठा धरून. वाचायचं कसं, धरायचं कसं, डोळा कुठे ठेवायचा. मला जे काही येतं त्यातलं निम्म्याहून जास्त त्या माणसाच्या शिव्या खाऊन आलेलं आहे. आणि आता माझी चाकं राहिली तर तो जाणार, तो राहिला तर माझी चाकं भट्टीत. मी खिशातला रुमाल काढून मान पुसली तर रुमालाला काळं लागलं. त्याच्या बोटांवरचं पेन्सिलीचं काळं ओटिलीच्या पांढऱ्या कॉलरवर उमटलं होतं. ते मी पुसायला गेलो आणि थांबलो. यावेळी राहू दे म्हटलं.

मंडळी आली. मालक, त्यांच्याबरोबर रेल्वेचे यंत्र-निरीक्षक झुक्सडोर्फ, उंच, बारीक, हातमोजे घातलेले, आणि मागे दोघंतिघं कारकून. म्हातारा सगळ्यांत शेवटी आला आणि दाराशीच उभा राहिला, टोपी हातात. मी समजावून सांगितलं काय करणार आहोत. काय बोललो आठवत नाही, फार बोललो असणार, कारण मालकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. पहिली फेरी शिशाशिवाय. ग्राबोने वाफ सोडली, चाकं आधी आळसावल्यासारखी वळली, मग आरे दिसेनासे झाले, आणि ते हिरवं धूड लोंबकळत लोंबकळत कोथेनच्या मार्गावर हलवत होतं तसंच ढुंगण हलवायला लागलं. साखळ्या करकरल्या. एक कारकून दोन पावलं मागे सरला. कागदावर पेन्सिल धावत होती, गोल गोल, एकावर एक. वाफ बंद केली, कागद काढला. अंडं माझ्या तळहाताहून मोठं. झुक्सडोर्फांनी ते हातात घेऊन हुं केलं.

मग शिसं बसवलं. चकत्या सगळ्या, प्रत्येक कप्पा गच्च, मी स्वतः बोल्ट आवळले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कोरा कागद लावला. ग्राबोकडे बघून मान हलवली. चाकं फिरली, आरे दिसेनासे झाले, आणि काहीच झालं नाही. म्हणजे इंजिन हललंच नाही. चाकं भणाणताहेत, दांडे झळाळताहेत, आणि ते एवढं मोठं धूड ओटिलीच्या कॉफीच्या चक्कीसारखं स्थिर. मी पेन्सिलीकडे बघत होतो. ती एका जागी उभी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. मालक मोठ्याने हसले. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. झुक्सडोर्फांनी हातमोजा काढला आणि माझा हात हातात घेतला, आणि त्यांच्या खांद्यावरून मला दिसलं, दाराशी म्हाताऱ्याने टोपी डोक्यावर चढवली.

आणि तेव्हाच माझ्या तळपायांना मुंग्या आल्या. पहिल्या फेरीत इंजिन एवढं थडथडत होतं तरी जमीन गप्प होती. आता इंजिन गप्प आणि जमीन बोलत होती, बारीक, सारखी, बुटांच्या तळव्यांतून. मी झुक्सडोर्फांचा हात सोडला. सोडला म्हणजे झटकलाच. ते काहीतरी बोलत होते, मी मांडवाच्या खांबापाशी गेलो, गुडघ्यावर बसलो, आणि सगळ्यांच्या देखत खांबाला दात लावले. मालक म्हणाले, ब्रोमेल, बरं वाटत नाही का? मी डोळे मिटले. कवटी भरून गेली. पण तो पिठाच्या कोठीचा घुमारा नव्हता. ठोके होते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक, वरून खाली, घणासारखा. मी हाताने ग्राबोला वाफ बंद करायची खूण केली आणि रांगतच पाटाकडे गेलो. कागदावर अंडं नव्हतं, रेघ नव्हती, एक ठिपका होता, सुबक, मसुराएवढा. मी कागद उचलला तर ठिपक्यातून उजेड आला. पेन्सिलीने कागद फोडला होता आणि खालच्या पाटात खड्डा पाडला होता.

ज्या क्षणी ते भोक दिसलं त्याच क्षणी सगळं कळलं, आणि मला हसू फुटलं. गिरणीवाल्याचे चिरंजीव! दगड गोल फिरतो. कॉफीच्या चक्कीची मूठ गोल फिरते. शिसंही गोल फिरतं. पण दट्ट्या बिचारा गोल फिरत नाही, तो नुसता पुढे जातो आणि मागे येतो. तो पुढे असतो तेव्हा शिसं मागे ओढतं, ठीक. पण शिसं जेव्हा वर जातं आणि खाली येतं, तेव्हा त्याच्यासमोर ओढायला कुणीच नसतं. ते एकटंच वर उसळतं आणि एकटंच खाली आपटतं. मी हलणं मोडून काढलं नव्हतं, आडवं होतं ते उभं केलं होतं. आणि पाट आडवा, कागद आडवा, आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही की उभं हलणं आडव्या कागदावर दिसणार नाही. मांडवाच्या तुळया थोड्या लवणाऱ्या होत्या म्हणून निदान पेन्सिल तरी उसळली. खाली रूळ असता तर? प्रत्येक फेऱ्याला घण, प्रत्येक घण रुळावर, आणि आमचे रूळ थंडीत काचेसारखे तडकतात. मी सुखाने स्थिर असं इंजिन बनवलं होतं आणि ते मैलोन् मैल रूळ फोडत गेलं असतं, आणि मग एक दिवस त्याच्यामागचे डबे.

कुणी पाहिलं नव्हतं. तो कागद घडी करून खिशात घालावा असंही मनात येऊन गेलं, हे सांगायला हवं. निरीक्षक खूश होते, मालक खूश होते, साचे वाचले होते. पण मनात त्यासाठी जागाच नव्हती, सगळी जागा त्या भोकाने घेतली होती. केवढी मोठी गोष्ट होती ती! मला ती कुणाला तरी आत्ताच्या आत्ता दाखवायची होती, आणि या शेडमध्ये, या बर्लिन शहरात, ती बघताक्षणी कळेल असा एकच माणूस होता आणि तो टोपी घालून दाराबाहेर पाऊल टाकत होता. मी धावलो. त्याची बाही धरली. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा बघवला नाही, मी नुसता कागद पुढे केला. त्याने कागद उजेडात धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि भोकाला डोळा लावला.

"सगळं गोल फिरताना दिसतं मला," मी म्हणालो. धाप लागली होती. "तुम्ही म्हणाला होतात."

"दुखवायला म्हणालो होतो," म्हातारा म्हणाला. "एवढं डोक्यात नव्हतं माझ्या."

त्याने कागद खाली घेतला. त्याच्या पोटात जड, जमिनीला धरून बसलेलं जे काही होतं ते हललं असावं, कारण त्याची नजर माझ्यावर नव्हती, माझ्यामागच्या चाकांवर होती. मग त्याने विचारलं, "किती काढायचं?"

"माहीत नाही. निम्मं काढून बघू. थोडं हलेल, थोडं ठोकेल."

"म्हणजे दोन्हीकडून वाईट."

"दोन्हीकडून थोडं थोडं."

"आणि उरलेलं हलणं?"

उरलेलं हलणं कशाने दाबायचं ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. थोडं लोखंड, थोडी लांबी. पण ते माझ्या तोंडून निघेना, एवढा काही मी चांगला माणूस नाही. एवढ्यात झुक्सडोर्फ आमच्यापाशी आले आणि म्हणाले, की त्यांनी बघायचं ते बघितलंय, ते समाधानी आहेत, आता आणखी कशाला वेळ घालवायचा? मालकांनीही मान डोलावली. म्हाताऱ्याने कागद त्यांच्यासमोर धरला, मागून करंगळी भोकात खुपसली आणि आरपार बाहेर काढून दाखवली.

"हा तुमचा रूळ," तो म्हणाला.

म्हातारा माझ्या बाजूने आत आला, इंजिनापाशी गेला, डोक्यावरची टोपी काढून बफरवर ठेवली. कोटाच्या आत हात घालून ती पिवळी मोजपट्टी बाहेर काढली आणि चाकाच्या कप्प्याला लावली, अंगठा तिथेच, जिथे मला ठेवायला शिकवला होता. "ग्राबो," तो मान न वळवता म्हणाला, "वाफ उतरू देऊ नका." मी पाना घेऊन त्याच्या शेजारी उकिडवा बसलो आणि पहिला बोल्ट सैल करायला लागलो. खांबाला दात लावताना माझी कॉलर पुन्हा उचकटली होती, तिचं टोक हनुवटीला टोचत होतं. ते त्याला दिसत होतं. त्याने हात लावला नाही.